मन्सूरची हाडांची गाडी

मन्सूरच्या गाडीआधी तिचा वास पोचायचा. छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. मी तेव्हा आलापल्लीच्या लाकूड डेपोत कामाला होतो, सागाच्या ओंडक्यांवर हातोडीने खुणा ठोकायचो. अहेरीकडून वारा असला की तो उग्र, सुकलेला वास फाटकातून आत शिरायचा, आमचे साहेब नाकाला रुमाल लावून आत जायचे आणि मी पिशवी घेऊन बाहेर यायचो. बहिणीच्या गावाला, कोसमघाटला जायला दुसरं काही मिळालं असतं तर मी मेलेल्या ढोरांच्या हाडांवर बसून गेलो असतो, असं कोणी समजू नये. पण आष्टीच्या वाटेने जाणारे लाकडाचे ट्रक मला दारात उभं करत नसत, आणि एवढं जंगल पायी तुडवण्याइतका मी बहिणीवेडा नव्हतो.

मन्सूर अहेरीचा. बाप कापूस पिंजायचा. कापसाची धूळ छातीत बसून लवकर गेला, म्हणून पोराने धुनकी हातात घेतली नाही. उंच, वाळका माणूस, डोळे सदा अर्धे मिटलेले. गाडीवर बसला की जागा आहे की झोपला आहे, ते कळायचं नाही. कासरा सैल सोडलेला असे आणि उजव्या अंगाचा बैल, सुंदऱ्या, सगळा रस्ता पाठ असल्यासारखा चालत असे. नाल्यात कुठे उतरायचं, कुठल्या गावाबाहेर थांबायचं, हे सुंदऱ्या ठरवायचा. डाव्या अंगाचा लाखा त्याच्या मागे मागे ओढला जायचा. मन्सूरची बायको सईदा म्हणायची की धंदा बैलाचा आहे, आमचा माणूस फक्त सोबतीला जातो.

धंदा असा. गावोगाव मेलेलं ढोर गावाबाहेरच्या माळावर टाकत. ते ओढण्याचं काम ज्यांच्या गळ्यात गावाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलं होतं, त्यांनी त्याच सुमारास ते सोडलं. बरं केलं त्यांनी. गाव काही दिवस चडफडलं, मग ज्याचं ढोर त्याने ओढावं असं झालं. गिधाडं उतरत, कोल्हे येत, मुंग्या येत, आणि उन्हाळ्याच्या तोंडी माळावर नुसती पांढरी हाडं उरत. मन्सूर ती वेचायचा. बायका-पोरांनी वेचून ठेवली असली तर बदल्यात मीठ द्यायचा. गाडीच्या पुढच्या भागात मिठाचं पोतं, मागे हाडांचा ढीग. आष्टीला वैनगंगा ओलांडून तो बल्लारशाला जायचा, तिथे रेल्वेच्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, हाडं भरायचा आणि मीठ घेऊन परत फिरायचा.

वाघीण सुटल्यावर पुढे त्या हाडांचं काय होतं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी सांगितलं होतं की ती दळतात, आणि दूरदेशी चहाच्या आणि उसाच्या मळ्यांत फेकतात. एवढंसं कळलं की मन्सूरला पुरे. बाकीचं तो गाडीवर बसून स्वतः तयार करायचा. ते मळे संध्याकाळी हंबरत असतील, असं त्याचं म्हणणं. उसाच्या कांडीतून आमच्या कोसमघाटचा एखादा बैल डोकावत असेल, आणि तिकडच्या मालकाला कळत नसेल की ऊस आष्टीकडे तोंड करून काऊन वाकतो. मी हसायचो. तो हसायचा नाही. मागे हात घालून तो ढिगातलं एखादं हाड उचलायचा आणि मला दाखवायचा.

“हे जंगलच होय, मुखरूभाऊ. पह्यले पाणी होतं, मंग गवत झालं, मंग बैल होऊन फिरलं. आता थकून असं दगडासारकं बसलं हाय. कंटाळलं का पुन्हा गवत होईन.”

चैतातली दुपार, दोन्ही बाजूंना मोहाची झाडं, खाली पिवळसर फुलांचा सडा, त्याचा गोड जड वास आणि त्यात हाडांचा वास. चाकांची कुरकुर. त्या गाडीवर मला जशी झोप लागायची, तशी घरच्या खाटेवर कधी लागली नाही. अर्धवट झोपेत मला वाटायचं की गाडी थांबलेली आहे आणि जंगलच आमच्या खालून सावकाश सरकतं आहे. आमच्या मुलखातून सगळं बाहेर जायचं. साग जायचा, बांबू जायचा, तेंदूपाने जायची, भात जायचा, आणि आता हाडंही. आत यायचं ते आभाळातलं पाणी आणि मन्सूरचं मीठ. मी स्वतः सागाला खुणा ठोकून बाहेर काढणारा, तेव्हा मला बोलायला तोंड नव्हतं. पण झोपेत माणूस कशाचाही विचार करतो.

त्या वर्षी माघात सुंदऱ्या मेला. म्हातारा झालाच होता. कोसमघाटच्या अलीकडे नाला आहे, त्यात पाणी प्यायला उतरला आणि पाणी पिऊन तिथेच गुडघ्यांवर बसला, तो उठला नाही. गाडीवर मी होतो. मन्सूरने जू काढलं, डोकं मांडीवर घेतलं आणि ऊन उतरेपर्यंत तसाच बसून राहिला. मी लाखाला धरून उभा होतो. गावातून माणसं आणून आम्ही सुंदऱ्याला नाल्यापलीकडे, ढोरं चरायला जात नाहीत त्या बाजूला, मोहाच्या एका झाडाखाली ठेवलं. वर गिधाडं फिरायला लागली तेव्हा मन्सूर पाठ फिरवून गावाकडे चालू लागला.

पुढे महिनाभराने तो नवीन बैल जुंपून आला. सुंदऱ्याची हाडं तोवर पांढरी झाली होती. ती त्याने गाडीत घातली नाहीत. भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं, कारण सायाळ हाडं कुरतडते. मी त्याला डिवचलं, म्हटलं, अख्ख्या जिल्ह्याची ढोरं रेल्वेने पाठवतोस, तुझ्याच बैलाला तिकीट नाही का? तो म्हणाला, सुंदऱ्या उसाच्या देशात जाणार नाही. त्याला तिथली वाट माहीत नाही. ज्या पाण्यावर आणि गवतावर वाढला, तिथेच हळूहळू मुरेल.  थट्टा कुठे थांबवायची, एवढं मला कळतं.

आता माझ्या बहिणीचं सांगतो.

कमळाबाई माझ्याहून मोठी. तिचा नवरा देवाजी भातशेती करणारा, शांत, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. आई म्हणजे रुखमाबाई. घरातलं तांदळाचं मडकं आणि गावातली प्रत्येक बातमी तिच्या हाताखालून जायची. कमळाबाईच्या लग्नात आमच्या आईने एक कालवड दिली होती, तांबड्या रंगाची, तांबू. आई त्यानंतर वर्षभरात गेली. माहेरचं म्हणावं असं कमळाबाईकडे तेवढंच उरलं होतं. माझ्यासारख्या भावाला माहेर म्हणता येत नाही. तांबूचं पहिलं वासरू मेलेलं निघालं. दुसऱ्यांदा ती गाभण राहिली, आणि त्याच उन्हाळ्यात गुराख्याने बातमी आणली की देवाजीची गाय माळावर हाडं चघळते.

गाय हाड चघळते म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. रुखमाबाईने आधी गुराख्यालाच शिव्या दिल्या. मग स्वतः माळावर गेली आणि पाहून आली. तांबू डोळे मिटून उभी होती आणि तिच्या तोंडात एका बैलाच्या पायाचं हाड होतं. सुपारी चघळावी तसं ती ते इकडून तिकडे फिरवत होती. त्या दिवशी रुखमाबाईने गोठ्यात गोमूत्र शिंपडलं, तांबूच्या कपाळाचं कुंकू पुसलं आणि संध्याकाळी देवाजीला जेवायला वाढताना सांगितलं.

“पेरणीच्या आधी हिले जंगलात सोडून ये, देवा. जातीनं गाय अन् करणीनं लांडगा, असं जनावर माह्या दारात नको.”

देवाजी खाली मान घालून जेवला. म्हणजे तो सोडणार होता. जंगलात सोडायचं म्हणजे वाघाला द्यायचं, हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. पोटातल्या वासरासकट.

पुढच्या शनिवारी मी गेलो तेव्हा कमळाबाईने मला हे सगळं गोठ्यात उभं राहून सांगितलं. ती रडली नाही. तिचा हात तांबूच्या वशिंडावर होता आणि ती म्हणाली, “आईनं स्वतः निवडली होती, मुखरू. दहा कालवडीतून.” मग ती घरात गेली.  मी रुखमाबाईशी वाद घालायला गेलो असतो, तर तिने मलाही जंगलात सोडायला सांगितलं असतं.

रुखमाबाईच्या मते खोट मन्सूरच्या गाडीत होती. ही गाडी गावावरून जाते, हाडं सांडतात, गायीला नाद लागला. हे तिने मन्सूरला तोंडावर सुनावलं, तेही भर रस्त्यात. मन्सूरला ते फार लागलं. आपल्या धंद्यापायी कमळाबाईच्या घरात कटकट, हे त्याला सहन होईना. त्याने तिला शब्द दिला की कोसमघाटच्या रानात हाडाचा तुकडासुद्धा ठेवणार नाही, म्हणजे गाय खाणार काय?

आणि त्याने तो शब्द पाळला. चैत-वैशाखाच्या उन्हात त्याने सगळा माळ पालथा घातला. नाल्याचा काठ, बंधाऱ्यामागचा उतार, पळसाच्या झुडपांच्या मुळाशी अडकलेली जुनी, शेवाळ चढून सुकलेली हाडं, शिंगं, खुरं, सगळं वेचलं. शेजारच्या गावांतल्या बायकांनाही मिठाच्या जोरावर कामाला लावलं. टोपल्यावर टोपल्या. गाडी इतकी भरली की दोरांनी बांधावी लागली, आणि त्या खेपेला तो बल्लारशाहून परतला तेव्हा एवढा खुशीत होता, की रानात आता सशालाही चघळायला काही मिळणार नाही, असं मला सांगत होता. आम्हा सगळ्यांनाच वाटलं की संकट टळलं. रुखमाबाईसुद्धा मवाळ झाली.

तांबू मात्र दिवसेंदिवस वाळत गेली. पाठ वर आली, पाय ताठ पडू लागले, चालताना सांधे कटकट वाजायचे. हाडं मिळेनात तर ती दगड चाटायला लागली, झाडाची साल ओरबाडायला लागली. देवाजीची नवीकोरी वहाण तिने अर्धी खाल्ली, आणि त्या बिचाऱ्याने उरलेल्या अर्ध्या वहाणेकडे पाहून एक शब्द काढला नाही. शेवटी एका सकाळी ती बसली ती उठेचना. चार जणांनी शेपटी आणि शिंगं धरून उभी केली, तर थरथरत पुन्हा बसली.

कमळाबाईचा निरोप आला तसा मी अहेरीहून ढोरांच्या डॉक्टरांना घेऊन गेलो. तरुण माणूस, सायकलवर घामाघूम झालेला. मन्सूरही त्या दिवशी गावात होता, तोही गोठ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला. डॉक्टरांनी तांबूचे पाय चाचपले, दात पाहिले आणि गाय हाडं खाते का, असं विचारलं. रुखमाबाईने तोंड फिरवलं. कमळाबाईने खरं ते सांगितलं.

डॉक्टर हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. ते गोठ्याबाहेर येऊन खाली बसले आणि मातीवर हात फिरवत बोलले. आमच्याकडचा पाऊस जमिनीतला कस धुऊन नदीत नेतो. मग त्या मातीतल्या गवतात हाड बनायला जे लागतं ते उरत नाही. गाभण गाय पोटातल्या वासराची हाडं स्वतःच्या हाडांतून बनवते, ते संपलं की माळावर शोधते. त्यात पाप नाही, भूक आहे. मात्र कच्चं हाड रोगट असलं तर गाय मरते, म्हणून त्याची भाजून केलेली भुकटी द्यायची असते. तशी भुकटी कारखान्यातून येते. नागपूरला लिहून मागवता येईल, पण ती पोचेपर्यंत वैनगंगेला पूर येऊन रस्ता बंद होईल.

मन्सूर इतका वेळ खांबाला टेकून उभा होता. त्याने सावकाश विचारलं की साहेब, ही भुकटी कशाची म्हणता? डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. मन्सूर दारातच खाली बसला. आपणच ती भुकटी गाडीगाडीने इथून नेली, आणि या गायीच्या तोंडातला शेवटचा तुकडासुद्धा मोठ्या मायेने उचलला, हे त्याला तेव्हा उमगलं. मला त्याच्याकडे पाहवेना.

डॉक्टर म्हणाले, इथेच हाडं भाजली तरी चालेल. चांगली पांढरी होऊन हाताने चुरली जातील इतकी भाजायची, आणि रोज मूठभर राख कोंड्यातून द्यायची. महिनाभराचं तरी लागेल. एवढं सांगून ते सायकलवर बसून गेले.

रुखमाबाई उठून उभी राहिली. हाड माझ्या दारात येणार नाही, औषध म्हणूनही नाही. तेव्हा कमळाबाई, जी सासूपुढे कधी मान वर करत नसे, ती म्हणाली, “आत्याबाई, होळीत काय काय जळते, आपण कुठी पाह्यतो? अन् सकाळी तेच राख ढोराच्या कपाळाले लावतो.”

 रुखमाबाईने तांबूकडे पाहिलं. गायीच्या पोटात वासरू हललं, ते बाहेरून दिसलं. रुखमाबाईने पदर सावरला आणि म्हणाली, “जळल्यावर राखेले कोणाची म्हणू नये. राख आणा. पण गावाबाहेर जाळून आणा.”

जाळायचं काय? सगळ्यांनी मन्सूरकडे पाहिलं. त्याची गाडी रिकामी होती, मिठाचं पोतं तेवढं पुढे पडलेलं. माळ त्यानेच धुऊन काढला होता आणि शेजारच्या गावांतही टोपलीभर हाडं मिळाली नसती. मला नाल्यापलीकडचं काट्यांचं कुंपण आठवलं. मन्सूर उठला, बैल जुंपले आणि कोणाशी न बोलता निघून गेला. देवाजीला वाटलं की तो पळाला. मला मात्र तो कुठे असेल ते माहीत होतं, आणि तरी रागही येत होता. एका बाजूला जिवंत गाय आणि दुसऱ्या बाजूला मेलेल्या बैलाचा सांगाडा, यात इतकं काय ठरवायचं असतं, असं मला वाटत होतं. मी नाल्याकडे निघालो.

मन्सूर काट्यांच्या कुंपणापाशी बसला होता. मोहाची नवी पालवी लालसर होती आणि तिच्यातून खाली ऊन पडत होतं. आत सुंदऱ्या जसा ठेवला होता तसाच होता, कुशीवर, पाय दुमडलेले, फासळ्यांमधून कोवळं गवत वर आलेलं. चैतात एक वळवाची सर पडून गेली होती, तेवढ्यानेच ते उगवलं असावं. बाकी सगळ्या माळाचं गवत करपलेलं आणि तेवढ्या जागी हिरवं. आम्ही दोघं किती वेळ बसलो ते मला आठवत नाही. पानांच्या सावल्या हलत होत्या, आणि त्या हाडांवरून फिरताना सुंदऱ्या श्वास घेतो आहे, असं मला एकदा खरंच दिसलं. माझा राग कुठच्या कुठे गेला.

मग मन्सूर बोलला. “पाऊस पडन, गवत वाढन, अन् कधीतरी कोणाची तरी गाय हे गवत खाईनच. माहीत हाय मले. मीच तं सांगत फिरतो. देऊन टाकाले ना नाई, मुखरूभाऊ. पण आमच्यात जाळत नाई. आपल्या माणसाले मातीत देते. माह्या हातानं मी याले आग कशी लावू?”

मी म्हटलं की मी लावतो. त्याने मान हलवली. कोणी दुसऱ्याने लावली तर सुंदऱ्याला वाटेल की मालकाने विकलं. थोड्या वेळाने तो उठला, काटे बाजूला सारले आणि आत गेला.

त्याने एकेक हाड उचलून नाल्याच्या वाळूवर आणलं. मला हात लावू दिला नाही. मी शेणी आणि वाळकी लाकडं गोळा केली. त्याने ती रचली, हाडं मधे ठेवली, आणि काही वेळ ओंजळ पुढे धरून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत राहिला. ते माणसासाठी म्हणायचं की बैलासाठी चालतं, हे मला ठाऊक नाही आणि मी विचारलंही नाही. मग त्याने काडी ओढली. धूर आधी काळा निघाला, मग करडा, मग दिसेनासाच झाला. नुसती हवा थरथरत होती आणि पलीकडचं जंगल त्यातून पाण्यात पाहिल्यासारखं दिसत होतं. मन्सूर आगीकडे तोंड करून बसला होता आणि त्याच्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने ते पुसलं नाही.

राख निवल्यावर हाडं खडूसारखी पांढरी होती, बोटांनी चुरली की पीठ. तो चुरा आम्ही पोत्यात भरून आणला. कमळाबाईने तो जुन्या उखळात कुटला, आणि रुखमाबाई आतून पिठाची चाळण घेऊन आली, कोणी मागितली नव्हती तरी. ती चाळत बसली. त्या रात्रीपासून तांबूच्या कोंड्यात मूठभर राख पडू लागली. पहिल्या दिवशी तिने टोपलं चाटूनपुसून साफ केलं आणि नंतर टोपलंही चावलं. ज्येष्ठात ती आपली आपण उठली. आषाढात चरायला गेली, आणि माळावर तिने मान खाली घातली ती फक्त गवतासाठी. उरलेली थोडी राख देवाजीने भाताच्या पऱ्ह्यांवर फेकली. रोपांचा तेवढा कोपरा इतका गर्द झाला, की येणारे-जाणारे त्याला बी कुठून आणलंस म्हणून विचारायचे. देवाजी हसायचा आणि वर बोट दाखवायचा. तो आभाळाकडे दाखवतो असं लोकांना वाटायचं, त्याच्या मनात मात्र सुंदऱ्या असायचा.

मन्सूरने धंदा सोडला नाही. पोट कोणाला सुटतं? पण त्या वर्षापासून तो ज्या गावची हाडं नेई, त्या गावाबाहेर थोडी मागे ठेवी, आणि ती भाजायची कशी ते सांगून जाई. लोक त्याला अर्धवट समजत. काही ठिकाणी त्याचं ऐकत, काही ठिकाणी कुत्री सोडत.

श्रावणात तांबू व्याली. गोऱ्हा झाला, पायांवर घट्ट उभा राहणारा. निरोप मिळाला तसा मन्सूर अहेरीहून चिखल तुडवत पायीच आला. पावसात गाडी चालत नव्हती. मीही गेलो होतो. त्याने गोठ्यात जाऊन गोऱ्ह्याच्या पायांवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. एकेक सांधा चाचपला. मग ओसरीवर येऊन बसला. कमळाबाईने पहिल्या चिकाचा खरवस केला होता, वेलची घातलेला, अजून वाफ निघत होती. तिने ताटली त्याच्यापुढे ठेवली.

मन्सूर त्या पांढऱ्या वड्यांकडे बघत राहिला. हात पुढे होईना. रुखमाबाई आतून म्हणाली की थंड होऊन राह्यला, खा. तरी त्याचा हात उठेना. शेवटी तो कमळाबाईकडे बघून म्हणाला, “सुंदऱ्यानं जन्मभर माह्या पोटाले घातलं, बाई. मले वाटे, यावेळी तरी मी त्याच्यासाठी काही केलं. पाहा ना, अजून तोच खाऊ घालून राह्यला.”

 मग त्याने बिस्मिल्ला म्हणून एक वडी उचलली, आणि सावकाश, डोळे मिटून, ताटलीतला सगळा खरवस खाल्ला.